ओड्डाचं चॅपेल आणि आमच्या गावचा सभामंडप

मे महिन्यात आई आमच्याकडे इंग्लंडात, चेल्टनहॅमला आली, तेव्हा भाजणीच्या आणि कोकमांच्या पुड्यांबरोबर तिच्या पिशवीतून गावच्या देवस्थान कमिटीची पावती निघाली. पावतीवर माझं नाव होतं आणि रकमेची जागा कोरी होती. "काका म्हणाले, आकडा तिचा तिनं घालू दे," आई म्हणाली.

गाव सातारा जिल्ह्यात, पाटणच्या बाजूला. तिथं काळ्या दगडाचं शंकराचं देऊळ आहे. हेमाडपंती म्हणतात सगळे, पण नक्की कधीचं ते कुणी तपासलेलं नाही. पुढचा दगडी मंडप उतरवून तिथं आरसीसी सभामंडप उभारायचा, गाभाऱ्याला संगमरवर लावायचा आणि शिखर रंगवून घ्यायचं, असं कमिटीचं ठरतंय. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून चार महिने वाद चालू आहे. मी तिथं लिहिलं होतं, "इंग्लंडमध्ये येऊन बघा, हजार वर्षांच्या भिंती कशा जपतात." त्यावर गावातल्या चुलतभावानं उत्तर दिलं, "ताई, तुम्ही तिकडं बसून जपा म्हणता. इथं मंडप गळतो आणि सप्त्याला बायका ओल्या फरशीवर बसतात." त्याचं मला लागलं, कारण ते खरं होतं. तरीही माझंच बरोबर आहे हे निदान आईला पटवावं म्हणून एका शनिवारी तिला गाडीत घातलं आणि डीअरहर्स्टला नेलं.

डीअरहर्स्ट हे सेव्हर्न नदीच्या पूर्व काठावरचं लहानसं खेडं आहे, ग्लॉस्टर आणि ट्यूक्सबरीच्या मधे. हमरस्ता सोडला की कुंपणांमधून जाणारा अरुंद रस्ता लागतो, दोन्ही बाजूंना गवताची कुरणं. नदी दर हिवाळ्यात या कुरणांत शिरते. २००७ च्या जुलैमध्ये तर ट्यूक्सबरीचं ॲबी, म्हणजे जुन्या मठाचं मोठं चर्च, चहूकडून पाण्यानं वेढलेलं होतं, ते छायाचित्र जगभर गेलं. गावाच्या टोकाला लाकडी चौकटींचं एक जुनं घर आहे, ॲबट्स कोर्ट. त्याच्या अंगाला चिकटून, घराचीच एखादी खोली असावी तसं, ओड्डाचं चॅपेल, म्हणजे लहानसं प्रार्थनागृह, उभं आहे. तिकीट नाही, रखवालदार नाही. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेची पाटी आणि एक दार.

आईनं दारातच चपला काढल्या. मी नको म्हटलं नाही.

आत दोनच दालनं. पुढचं साधारण पंचवीस फूट लांब, मागचं त्याहून लहान, मधे दगडी कमान. ओबडधोबड दगडांच्या उंच भिंती आणि वर छोट्या खिडक्या, आतून बाहेरून दोन्हीकडून निमुळत्या होत गेलेल्या. मूर्ती नाही, वेदी नाही, बाकं नाहीत. आई एक फेरी मारून आली आणि हळू आवाजात तिनं विचारलं, "इथं दिवा कोण लावतं गं?"

कुणीच लावत नाही, हे सांगताना मला जड गेलं. मग मी तिला ओड्डाची गोष्ट सांगितली.

ओड्डा हा इंग्लंडच्या एडवर्ड राजाच्या नात्यातला सरदार होता. त्याचा भाऊ एल्फ्रिक १०५३ च्या डिसेंबरात इथं डीअरहर्स्टलाच वारला. त्याच्या आत्म्यासाठी ओड्डानं हे चॅपेल बांधलं. १२ एप्रिल १०५६ ला बिशप एल्ड्रेडनं ते पवित्र ट्रिनिटीला (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) अर्पण केलं, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर ओड्डाही गेला. त्याआधी त्यानं संन्याशाची वस्त्रं घेतली होती. दहाच वर्षांत फ्रान्सकडून नॉर्मन चालून आले आणि ओड्डाच्या जगातलं फार थोडं मागे राहिलं. इतक्या बारकाईनं तारखा ठाऊक आहेत त्या एका दगडामुळे. त्यावर लॅटिनमध्ये हे सगळं कोरलेलं आहे: कुणी बांधलं, कुणासाठी, कुठल्या राजाच्या कितव्या वर्षी. तो दगड १६७५ मध्ये इथल्या एका फळबागेत मिळाला आणि पुढे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात गेला. आज चॅपेलमध्ये त्याची प्रतिकृती आहे.

पण दगड मिळाला तेव्हा चॅपेल कुठे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. हा लेख गावातल्या मोठ्या चर्चचाच असणार असं विद्वानांनी धरलं होतं. चॅपेल तर डोळ्यांसमोर होतं, पण त्याचं घर झालं होतं. पुढच्या दालनात शेतकऱ्याचं स्वयंपाकघर, मागच्या दालनात मधे तक्तपोशी टाकून वर निजायची खोली. भिंतींवर गिलावा, गिलाव्यावर चुना, चुन्यावर धूर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घराच्या दुरुस्तीत गिलावा निघाला, आतली कमान दिसली आणि तिथले पाद्री जॉर्ज बटरवर्थ यांच्या लक्षात आलं की दोनशे वर्षं ज्या इमारतीविना तो दगड भटकत होता, ती इमारत हीच.

आई कमानीखाली उभी राहून ऐकत होती. "म्हणजे चुलीनं राखलं म्हणायचं," ती म्हणाली.

मी आईला इथं आणलं होतं इंग्रजांची जपणूक दाखवायला, आणि हे चॅपेल कुणी जपलेलंच नव्हतं. ते विसरलं गेलं, कामाला लावलं गेलं, म्हणून टिकलं. ते चर्च म्हणून डौलात उभं असतं तर? त्याचं काय झालं असतं हे बघायला इथून जवळच ट्यूक्सबरीला जायचं.

ट्यूक्सबरीचं ॲबी ११२१ मध्ये अर्पण झालं. आठव्या हेन्रीनं मठ बरखास्त केले तेव्हा देशभरातल्या मठांची छपरं उतरवून शिसं वितळवलं गेलं, दगड विकले गेले. ट्यूक्सबरीच्या गावकऱ्यांनी ४५३ पौंड राजाला मोजून आपलं ॲबी विकत घेतलं. वर्गणीच ती. पुढच्या शतकांत इंग्लंडभर देवळांतली भित्तिचित्रं पांढरी फासली गेली, पुतळ्यांची डोकी उडवली गेली. मग एकोणिसाव्या शतकात व्हिक्टोरिया राणीचा, व्हिक्टोरियन काळ आला आणि श्रद्धेला पुन्हा भरती आली. पैसाही आला. हजारो चर्चचे जीर्णोद्धार निघाले. मधल्या पिढ्यांनी केलेलं सगळं काढून टाकायचं, दगड खरवडून गुळगुळीत करायचे आणि 'मूळ' रूप द्यायचं, म्हणजे आपल्या मनातलं मूळ रूप. करणारे दुष्ट नव्हते. भाविक होते, शिकलेले होते, आणि देवाचं घर झळझळीत दिसावं एवढीच त्यांची इच्छा होती. १८७७ मध्ये वास्तुशिल्पी गिल्बर्ट स्कॉट ट्यूक्सबरीच्या ॲबीला हात घालणार असं कळल्यावर विल्यम मॉरिस या कवी-कारागिरानं एका नियतकालिकाला संतापून पत्र लिहिलं, आणि त्यातून त्याच वर्षी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था उभी राहिली. ती आजही काम करते. तिचं म्हणणं साधं आहे: रोजची निगा ठेवा, म्हणजे जीर्णोद्धाराची वेळच येणार नाही, गळती आधी थांबवा, दुरुस्ती दुरुस्तीसारखी दिसू द्या, जुन्याचं सोंग नको.

परदेशातला मराठी माणूस 'इथले लोक किती जपतात' म्हणतो तेव्हा हा भाग त्याच्या सांगण्यात नसतो. माझ्याही नव्हता. इंग्रजांनी आधी पुष्कळ घालवलं, मग रडले, मग नियम केले. गावातल्या कमिटीला मी 'मागासलेले' ठरवत होते, आणि ती माणसं करतायत ते नेमकं इथल्या शहाण्यासुरत्या पाद्र्यांनी दीडशे वर्षांपूर्वी केलेलं आहे, त्याच प्रेमानं. हे समजल्यावर ग्रुपवरच्या माझ्या त्या वाक्याची मला लाज वाटली.

१०५६ हा आकडा ऐकल्यावर आई थबकली होती. आमचं लहानपण अंबरनाथला गेलं, बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. तिथल्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०. ओड्डानं चार भिंती उभारल्या त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी शिलाहार राजा माम्वाणीच्या काळात आमचं देऊळ पुरं झालं. कलाकुसरीची तुलना करायलाच नको. अंबरनाथच्या एका कोनाड्यात जेवढं कोरीवकाम आहे तेवढं या अख्ख्या चॅपेलात नाही. पण मला वेगळंच आठवत होतं. महाशिवरात्रीची रांग, खालच्या गाभाऱ्यात उतरणाऱ्या पायऱ्या, ओल्या दगडाला येणारा बेल आणि दुधाचा वास, पुढे-मागे रेटणारी माणसं, आणि बाहेर कारखान्यांच्या सांडपाण्यानं काळी पडलेली वालधुनी. ते देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि तरी तिथं रोज पूजा होते. इथं शांतता आहे, स्वच्छता आहे, आणि दिवा नाही. आईच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असं दिवा नसलेलं जतन मला आमच्या गावासाठी नको आहे. ग्रुपवर माझ्या बाजूनं बोलणारे काहीजण 'देऊळ सरळ पुरातत्त्वाकडे द्या, कुलूप लागलं तरी चालेल' म्हणतात. त्यांच्याशी मी सहमत नाही.

तिथून दोनशे मीटरवर सेंट मेरीज आहे, गावचं चालू चर्च. खरं तर मला आईला हेच आधी दाखवायला हवं होतं.

हेही सॅक्सन, म्हणजे नॉर्मन येण्यापूर्वीच्या काळातलं, ओड्डाच्याही आधीचं. दाराच्या कमानीवर दगडी श्वापदांची डोकी, भिंतीत उंचावर त्रिकोणी माथ्याच्या दोन खिडक्या. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र नवव्या शतकातलं, सगळ्या अंगावर सर्पिल नक्षी. ते मधे बराच काळ शेतावर टाकीसारखं वापरात होतं. आपल्याकडे जुन्या डोणी गोठ्यात असतात तसं. १४०० च्या सुमाराच्या एका पितळी पत्र्यावर कॅसी नावाच्या न्यायाधीशाची बायको कोरली आहे आणि तिच्या पायाशी तिचा कुत्रा, नावासकट: टेरी. आई त्या कुत्र्यापाशी बराच वेळ रेंगाळली. वेदीच्या तिन्ही बाजूंनी बाकं आहेत, ती सतराव्या शतकातल्या प्युरिटन, म्हणजे साध्या उपासनेचा आग्रह धरणाऱ्या लोकांच्या रीतीची. पुढच्या काळाला ती रीत अजिबात मान्य नव्हती, तरी ती राहिली. व्हिक्टोरियन हातही इथं फिरलेला दिसतो. वर विजेचे दिवे आहेत. कुणाचंही कुणी पूर्ण पुसलेलं नाही.

आत एक वृद्ध बाई रविवारसाठी फुलं मांडत होत्या. आईनं माझ्यातर्फे त्यांना विचारलं, रोज तुम्हीच करता का. नाही, म्हणाल्या, घरं वाटून घेतली आहेत, माझी पाळी दर सहाव्या आठवड्याला. "आपल्या गुरवांसारखं," आई खुश होऊन म्हणाली. मग तिनं विचारलं, छप्पर गळतं का. बाई हसल्या आणि कोपऱ्यातली बादली दाखवली. पैसे कुठून येतात? गावातून, जत्रेसारख्या कार्यक्रमांतून, निधी देणाऱ्या संस्थांकडे अर्ज करून. आणि साधं बाक हलवायचं तरी चर्चच्या न्यायपीठाची लेखी परवानगी लागते. तिला फॅकल्टी म्हणतात. परवानगी मागताना काय आहे, काय बदलणार, का बदलणार हे कागदावर मांडावं लागतं आणि गावातला कुणीही हरकत घेऊ शकतो. बाईंना त्या कागदपत्रांचा कंटाळा होता, तो त्यांनी लपवला नाही. पण उपासना चालू आहे म्हणून मनाला येईल ते करा, अशी मोकळीक इथं नाही, आणि जुनं आहे म्हणून उपासना बंद करा, असंही कुणी म्हणत नाही.

आपल्याकडच्या वादात नेमकी ही मधली वाट हरवते. प्राचीन स्मारकांसाठी १९५८ चा केंद्राचा कायदा आहे, १९६० चा महाराष्ट्राचा आहे. यादीतल्या स्मारकांना त्यांचं संरक्षण मिळतं. आमच्या गावच्या देवळासारखी असंख्य देवळं कुठल्याच यादीत नाहीत. तिथं कायदा म्हणजे कमिटीची बैठक, आणि वास्तुविशारद म्हणजे तालुक्याचा काँट्रॅक्टर. मोठ्या देवस्थानांचं तरी निदान जाहीर बोललं जातं. २०२५ मध्ये तुळजाभवानीचं शिखर ठेवायचं की उतरवून नव्यानं बांधायचं यावर केवढा वाद झाला. वाद झाला ही मला चांगली गोष्ट वाटते. आणि पंढरपूरला २०२४ मध्ये जे झालं ते तर प्रत्येक गावाच्या कमिटीला दाखवायला हवं. मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद ठेवून नंतरच्या काळात बसवलेल्या फरशा, ग्रॅनाईट, रंग काढले गेले आणि आतला दगड उघडा झाला. काम चालू असताना मूर्ती असलेलं एक तळघरही सापडलं. त्या फरशाही कुणी तरी वर्गणी काढून, नवस फेडून, हात जोडूनच लावल्या असणार. वारी थांबली नाही, विठोबा कुठे गेला नाही.

मुद्दा सौंदर्याचा असता तर मी इतकी भांडले नसते. दगडाचाही आहे. काळ्या पाषाणाची जुनी देवळं बहुतेक दगडावर दगड बसवून उभी आहेत, जिथं चुना आहे तिथं भिंत श्वास घेते. ओल आत येते आणि सांध्यांतून बाहेर जाते. सिमेंटनं सांधे बुजवले की ओल दगडातूनच वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी साठतात आणि कालांतरानं कोरीवकामाचे पापुद्रे सुटतात. ऑइलपेंटचं तेच. मग तो रंग काढायला सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करतात, तेव्हा छिन्नीच्या खुणाही त्याबरोबर जातात. गळती थांबवणं हे पहिलं काम हे चुलतभावाचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. इथल्या जतनवाल्यांचंही पहिलं काम तेच. पण आमच्या मंडपाची गळती वरच्या दगडांच्या सांध्यांत रुजलेल्या पिंपळामुळे आहे. पिंपळ मुळासकट काढून सांधे चुन्यानं भरायला हवेत. मंडप उतरवणं हा त्यावरचा इलाज नाही. चुन्याचं काम येणारे गवंडी शोधावे लागतील, तो त्रास मला मान्य आहे.

आणि वीरगळ. देवळाच्या आवारात दोन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड होते. एक उभा आहे, शेंदूर फासलेला: खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वर तो पिंडीची पूजा करतोय, माथ्यावर चंद्रसूर्य. दुसरा माझ्या लहानपणी पाराची पायरी बांधताना उलटा बसवला गेला. चॅपेलमधल्या त्या प्रतिकृतीसमोर मी उभी होते तेव्हा मला ती पायरी दिसत होती. एकानं आपल्या मेलेल्या भावासाठी दगड कोरून घेतला. आमच्या गावात कुणी तरी आपल्या मेलेल्या भावासाठी, बापासाठी, दगड कोरून घेतला. ओड्डाच्या दगडाला त्याची जागा दोनशे वर्षांनी परत मिळाली, कारण दगडावर अक्षरं होती आणि इमारत कशीबशी उभी होती. आमच्या वीरगळावर अक्षरं नाहीत. तो कुठे उभा होता, कुठल्या दिशेला तोंड होतं, हे ठाऊक असणारी दोन म्हातारी माणसं आज गावात आहेत. मंडप उतरवला, आवारात फरशी टाकली आणि ती माणसं गेली, की तो फक्त नक्षीचा एक दगड उरेल.

परतताना गाडीत आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बायकांना बसायला कोरडी जागा पाहिजे, ते मात्र सोडू नको." मी सोडणार नाही. देवळाच्या उत्तरेला कमिटीचीच रिकामी जागा आहे. तिथं सभामंडप बांधा, हवा तेवढा मोठा, पंखे लावा, भजनाला माइक लावा. फक्त त्याचे खांब त्याचेच असू देत, जुन्या भिंतीला टेकवू नका. जुन्या मंडपाला हात लावायच्या आधी प्रत्येक खांबाचं मोजमाप आणि फोटो घ्या. हे मी त्या रात्री ग्रुपवर लिहिलं, इंग्लंडचं नाव न घेता. काकांनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं: बैठकीत ठेवतो. चुलतभावानं विचारलं, चुन्याचा खर्च किती येईल ते काढ. चार महिन्यांत त्यानं मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

आई जूनमध्ये परत गेली. पावतीवर मी आकडा घातला आणि मागच्या बाजूला लिहिलं: उत्तरेकडच्या मंडपासाठी, आणि पायरीतला वीरगळ सरळ करण्यासाठी. आता तिकडं आषाढ लागलाय. गुरवांच्या नातवानं काल व्हिडिओ पाठवला. मंडपात दोन ठिकाणी पातेली ठेवलीत, आणि तो कमरेला टॉवेल गुंडाळून, दातांत पेन्सिल धरून, टेपनं खांब मोजतोय.